राखीव झाकणं

बाईंच्या वर्गात बी मरत नाही, असं शाळेत म्हटलं जाई. शेजारच्या 'ब' तुकडीत ते खुशाल मरायचं. तिथले सर पहिल्या दिवशी हौसेने पाणी घालायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे. पण चौथी 'अ'मध्ये बाईंना बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षांत खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेल्या एकाही झाकणाने मान टाकली नव्हती. "बाईंच्या हाताला यश आहे," असं 'ब'चे सर म्हणत. त्यात कौतुक किती आणि कुचकेपणा किती, हे तोलायला घेतलं असतं तर कुचकेपणाचं पारडं थोडं खाली गेलं असतं.

प्रयोग साधा होता. जॅमच्या बाटलीचं झाकण, त्यात ओला कापूस, कापसावर मोहरीचे दहा दाणे. बाईंची स्वतःची भर एवढीच की पाणी ज्याचं त्याने घरून आणायचं. दाणे पुडीत बांधून बाई घरी पाठवत. मुलांनी ते घरच्या पाण्यात रात्रभर भिजवायचे आणि सकाळी भिजलेले दाणे आणि त्याच पाण्याची बाटली घेऊन यायचं. "आपल्या घरच्या पाण्यावर आपलं बी," असं बाई म्हणत. हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलेलं नव्हतं, स्वतःचं सुचलेलं होतं, म्हणून म्हणताना मान जरा ताठ व्हायची. मग सहा दिवस रोज वहीत नोंद. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ कायमची लिहिलेली असे आणि ती पुसायची कुणाची छाती नव्हती: 'दिसतं ते लिहा. वाटतं ते लिहू नका.'

आता यातली मेख अशी. ज्या दिवशी मुलं आपली झाकणं मांडत, त्याच दिवशी बाई नकाशांच्या खोलीत आठ झाकणं वेगळी मांडत. पाणी शाळेच्या नळाचं, ते शहराच्या टाकीतून यायचं. ही राखीव. चौथ्या दिवशी घंटेच्या पाऊण तास आधी त्या शाळेत येत, कट्ट्यावरून एक नजर टाकत आणि ज्या झाकणात कोंब नाही, त्यावरची नावाची चिठ्ठी अलगद सोलून राखीव झाकणावर चिकटवत. मेलेलं झाकण वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत जाई. शाळेच्या कचऱ्यातसुद्धा ते टाकत नसत, घराजवळच्या उकिरड्यावर नेऊन टाकत. एवढी सफाई एखाद्या सराईत चोरालाही जमली नसती.

त्यांनी हे पुण्याच्या हिशेबात धरलं होतं, आणि त्याला कारणही होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्गावर असताना, एका मुलाचे दहाच्या दहा दाणे काळे पडले, तर वर्गाने त्याला 'करपा' हे नाव दिलं. खेळात त्याला घेईनात, रोपांना हात लावू देईनात. "तू शिवलास की मरेल." परीक्षेपर्यंत ते पोर दोन्ही हात खिशात घालून बसायला शिकलं होतं. बाईंनी तेव्हा ठरवलं, माझ्या वर्गात पुन्हा करपा होऊ द्यायचा नाही. आणि झाला नाही.

हे गुपित एका माणसाला ठाऊक होतं. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे असल्यामुळे सगळ्याच शाळेची गुपितं त्याला ठाऊक असत. शिपाईमामांनी यंदाही चौथ्या दिवशी दार उघडून दिलं आणि जुडगा खुळखुळवत विचारलं, "किती गेले हो बाई?"

"सहा."

"गेल्या साली?"

"पाच असतील."

"पोरं पाणी घालायला विसरतात."

"विसरतात," बाई म्हणाल्या आणि सहावी चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली.

बाईंचं लक्ष तसं दांडगं. कुणाच्या दप्तराचा बंद तुटलाय, कुणी खोडरबर खाल्लं, कुणाचे वडील आठवडाभर घरी नाहीत, हे त्या चेहऱ्यावरून सांगत. पण दरवर्षी मरणारी पाच-सहा झाकणं कुणाची असतात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. चिठ्ठी सोलताना त्या फक्त चिठ्ठी फाटू नये एवढंच बघत.

सहावी चिठ्ठी 'वकिला'ची होती. वकील म्हणजे पहिल्या बाकावरची नऊ वर्षांची मुलगी. "बाई, दोन कान आहेत पण ऐकू तर एकदाच येतं, मग दुसरा कशाला?" अशा जातीचे प्रश्न ती विचारायची आणि उत्तर पटेपर्यंत खाली बसायची नाही. बाई वरवर वैतागायच्या. आतून, सगळा वर्ग तराजूच्या एका पारड्यात आणि ही एका पारड्यात, असा त्यांचा पक्षपात होता.

वकिलाचं घर कारखान्यामागच्या गल्लीत होतं. कारखाना नळांचा. पितळेच्या नळांना चकाकी द्यायचा. आत हजारो नळ आरशासारखे लखलखत आणि मागच्या गल्लीत एकही नळ नाही, एक हापसा. त्यावर वीस-बावीस घरं. वकिलाचे वडील त्याच कारखान्यात नळ घासायला होते, म्हणून ते पाण्याबद्दल बोलत नसत. आई घरी शर्टांच्या कॉलर शिवायची आणि बोलायची. धाकटा भाऊ तीन वर्षांचा, ढब्बू. जन्मला तेव्हा गाल खांद्यावर टेकत होते म्हणून ढब्बू. आता नाव तेवढं राहिलं होतं. पाय काठीसारखे, डोळ्यांखाली सूज, जेवण पुढे ठेवलं की तोंड फिरवायचा. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं दुखावली आहेत, पाणी बदलून बघा. तेव्हापासून आई रोज दोन कॅन घेऊन ढब्बूपुरतं पाणी न्यायला शाळेच्या नळावर येई. महिन्याभरात पोरगं पोळीचा तुकडा मागायला लागलं होतं. "बाई, काल त्याने मला चावलं!" असं वकिलाने एकदा मोठ्या आनंदाने सांगितलं होतं.

गल्लीने मिळून अर्ज केला आणि पाणी खात्याचे साहेब आले. बसायला जागा हवी म्हणून हेडसरांनी चौथी 'अ'चा वर्ग दिला, कारण भिंती तिथल्याच बघण्यासारख्या होत्या. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. साहेबांनी पिशवीतून नमुन्याची काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली. चौतीस नावं, सहा रकाने, शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या हिरव्या खुणा.

"हे काय?"

हेडसर पुढे सरसावले. दुसऱ्याच्या कामाची ओळख करून देताना ते नेहमीच पुढे सरसावत. "आमच्या बाईंचा प्रयोग, साहेब. प्रत्येक मूल घरच्या पाण्यावर बी रुजवतं."

"घरच्या? म्हणजे या गल्लीतल्या मुलांनीही?" साहेब उठलेच. "कोणती मुलं गल्लीतली? नावं सांगा."

वकिलाच्या आईने एकेक नाव सांगितलं. साहेबांचं बोट तक्त्यावरून खाली उतरत गेलं. पहिलं नाव. दुसरं. तिसरं. बाई फळ्याजवळ उभ्या होत्या, हातात खडू. चौथ्या नावाला त्यांच्या अंगठ्याला ती चिठ्ठी आठवली, तिचा चिकट कोपरा आठवला. सहावं नाव वकिलाचं. सहा होती आणि सहाच्या सहा एका हापशाची होती. गेल्या वर्षीची पाच? त्याच्या आधीची?

"सहाही उगवली!" साहेब लोकांकडे वळले. "तुमच्याच लेकरांनी केलेलं आहे, माझं नाही. ज्या पाण्यात एवढीशी मोहरी जगते, त्यात माणूस मरतो होय?"

स्वतःच्या मुलाच्या नावापुढची बरोबरची खूण कोण खोडणार?

"साहेब," बाई म्हणाल्या, "तरी पण... नमुना घेऊन ठेवलेला बरा."

"बाई, तुमच्या तक्त्यापुढे माझी बाटली काय!" साहेब हसले, हेडसर हसले. साहेबांनी तक्त्याचा फोटो काढला आणि रिकामी बाटली पिशवीत परत ठेवली.

पहिल्या बाकावरून वकील तक्त्याकडे बघत होती. मग तिने बाईंकडे बघितलं. बाई खडूची पेटी आवरायला लागल्या.

उद्या सांगू, असं बाईंनी ठरवलं. उद्या हेडसर रजेवर होते. परवा शनिवार. सोमवारी तपासणी होती. सांगायचं तरी काय, ही वाक्यं त्या रोज सकाळी वेणी घालताना जुळवत, आणि वेणी झाली की वाक्यं सुटत. मोहरीवरून काय सिद्ध होतं, अशीही एक समजूत त्यांनी स्वतःची घातली. शहाण्या माणसाला स्वतःला फसवायला वकील लागत नाही, तो दोन्ही बाजू स्वतःच लढतो. मधल्या सुट्टीत नळावरच्या रांगेत वकिलाची आई दिसेनाशी झाली होती. बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं नाही.

अठराव्या दिवशी सगळी मुलं गेल्यावर वकील टेबलापाशी आली. तिच्या हातात खोक्याचं झाकण होतं, त्यात जॅमच्या बाटलीची चार झाकणं.

"बाई, मी दोनदा करून बघितलं. तुम्ही म्हणता ना, एकदा चूक होऊ शकते."

दोन झाकणांत हिरवं गवत उभं होतं. दोनात दाणे फुटले होते, पण मूळ जेमतेम नखाएवढं निघून काळं पडलं होतं.

"हे शाळेचं पाणी, हे हापशाचं. दोन्ही वेळा तसंच."

बाई खुर्चीत बसल्या. "वर्गात तर तुझे उगवले होते."

"वर्गात माझे अकरा होते."

"मी दहाच दिले होते."

"ढब्बूने एक टाकला. भिजवताना. आमच्या डब्यातला. त्याला मोजता येत नाही ना." वकिलाने वही उघडली. "पहिल्या दिवशी मी अकरा लिहिलंय. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी दहा, आणि दहाही उगवलेले. मला वाटलं मीच चुकीचं मोजलं. म्हणून ते लिहिलं नाही. वाटतं ते लिहायचं नाही ना."

"मग?"

"मग मी ताईला विचारलं. शेजारच्या ताईला, ती यंदा पाचवीत गेली ना. ती म्हणाली, तिच्या झाकणाला पोचा होता, आणि चौथ्या दिवशी पोचा नव्हता. तिला वाटलं जादू झाली." वकिलाने एक श्वास घेतला. "बाई, तुम्ही बदलता का?"

"बदलते," बाई म्हणाल्या.

वकिलाने मान हलवली. तिला राग आलेला दिसत नव्हता. गणित सुटल्यावर ती जशी मान हलवायची, तशीच हलवली. तेच बाईंना सोसवेना.

"मग आता मी काय लिहू?"

"हेच लिही. आणि चल, तुझ्या आईकडे जाऊ."

आई घरी होती, पण बसलेली नव्हती. एका पिशवीत चादर, वाटी, चमचा आणि ढब्बूचे दोन शर्ट कोंबत होती. ढब्बूला परवा दवाखान्यात ठेवलं होतं. सुई टोचायला शीर मिळत नव्हती. वडील तिथे बसले होते, ती कपडे न्यायला आली होती. बाईंना बघून तिने लगबगीने स्टूल पुसलं.

"बसा ना बाई. पोरीने काही केलं का?"

बाईंनी उभ्यानेच सांगितलं. कशी झाकणं मांडतात, कशी बदलतात, बावीस वर्षं. मुलांनी कुणाला चिडवू नये म्हणून. वाक्यं अठरा दिवस जुळवलेली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

आई ऐकत होती. हातातला शर्ट तिने घडी घातला, मोडला, पुन्हा घातला.

"म्हणजे तक्ता खोटा?"

"त्या सहा नावांपुरता खोटा."

"मी त्या दिवशीपासून परत हापशाचं पाणी भरायला लागले, बाई." आवाज चढलेला नव्हता. "दोन कॅन, एवढं लांब, हात तुटायचे. कॉलरी मागे पडायच्या. साहेब म्हणाले असते तर ऐकलं नसतं मी. साहेब काय, कुठलेही साहेब असंच बोलतात. पण तक्ता तुमचा होता. मी म्हटलं, बाई खोटं लिहिणार नाहीत."

बाईंनी पिशवी उचलायला हात पुढे केला.

"बाजूला व्हा," आई म्हणाली, "मला उशीर होतोय." आणि दारात थांबून तिने मुलीला सांगितलं, "हापशाला हात लावू नकोस. आणि शेजारीपाजारी सांग सगळ्यांना."

बाईंनी त्याच संध्याकाळी सगळं लिहून काढलं. सकाळी हेडसरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "अहो बाई, थोडंफार इकडचं तिकडे सगळेच करतात. पण लिहून कोण देतं?"

"मी देतेय. खाली सही करा, नाहीतर सहीशिवाय नेते."

पाणी खात्याच्या कचेरीत साहेबांनी कागद दोन बोटांत धरला. "दरवर्षी बदलत होता?"

"दरवर्षी."

"म्हणजे तेव्हा खोटं होतं आणि आता खरं आहे. बरं. पण हे मी कशावरून धरू? तक्ताही तुमचा आणि हा कागदही तुमचाच."

"माझ्यावरून धरू नका. बाटली भरून न्या."

हे मात्र साहेबांना खोडता आलं नाही. बाटली भरली गेली. अहवालाला तीन आठवडे लागतील म्हणाले, कारण प्रयोगशाळा एक आणि बाटल्या फार.

ढब्बू नवव्या दिवशी गेला.

अहवाल त्यानंतर बारा दिवसांनी आला: पाणी पिण्यास अयोग्य. हापशाचा दांडा काढून नेला आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर येऊ लागला. कारखान्याला नोटीस गेली, नोटिशीला उत्तर आलं, उत्तरावर विचार सुरू झाला, आणि नळ चकाकत राहिले. बाईंचीही चौकशी लागली. 'ब'चे सर हाताच्या यशाबद्दल बोलेनासे झाले. बाईंना वाटायचं, त्यांनी बोलावं.

चौकशीला यायचे तेव्हा येवोत, तोवर बाईंनी प्रयोग पुन्हा मांडला. दांडा काढायच्या आधी गल्लीतल्या मुलांनी बाटल्या भरून ठेवल्या होत्या, त्याच पाण्यावर. या खेपेला चौतीसच झाकणं होती. नकाशांच्या खोलीची किल्ली शिपाईमामांनी विचारली, तर बाई म्हणाल्या, "तुमच्याकडेच असू द्या." चौथ्या दिवशी त्या घंटेनंतर आल्या, मुलांच्या मागून.

कट्ट्यावर अठ्ठावीस हिरवी होती. सहा काळी. असं काही या वर्गाने पाहिलंच नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा रडवेला झाला. "बाई, माझं मेलं."

शेजारच्याने लगेच तोंड उघडलं. "तुझ्या हाताला..."

"त्याच्या हाताला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "पाण्याने मारलं. हेच मी त्या पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं." मुलांना हे शेवटचं कळलं नाही. बाईंनी हातातला लाल खडू त्या मुलापुढे धरला. "तक्त्यावर तुझ्या नावापुढे फुली मार. मोठी मार, लांबून दिसेल अशी."

एकेक मूल उठलं आणि एकेक फुली पडली. पाच पडल्या. सहावी राहिली होती.

वकील पंधरवड्याने शाळेत आली होती. बाईंच्या टेबलापासून सर्वांत लांबचा बाक तिने आपणहून धरला होता आणि आल्यापासून एकही प्रश्न विचारला नव्हता. ती उठली, फुली मारली, जागेवर जाऊन वही उघडली. बाई तिच्यापाशी गेल्या. विचारायची गरज नव्हती, पण नोंदीचा नियम होता आणि नियम बाईंचाच होता.

"किती दाणे होते?"

वकिलाने वर बघितलं नाही.

"दहाच," ती म्हणाली, आणि लिहिलं.